बॅगेच्या गळ्यातलं नाव

माझी बॅग परत आली ती विहीणबाईंचं, नीलांबिकाबाईंचं नाव गळ्यात घालून. आमचे व्याही गुरुशांतराव मैंदर्गीहून स्वतः गाडी चालवत आले, बॅग हॉलमध्ये भिंतीला टेकवून उभी केली, अर्धा कप चहा घेतला आणि "तुमची वस्तू तुमच्याकडं पोचली, आमी मोकळे झालो बगा," असं म्हणून निघूनही गेले. दार लावून वळले तर ते नाव समोर. जांभळी बॅग. सोलापुरात सात रस्ता चौकातल्या दुकानात चाकं पुढं-मागं फिरवून, कुलपाचे आकडे जुळवून-मोडून, दुकानदाराला वैताग आणून मी घेतलेली माझी बॅग. तिच्या मुठीला पट्ट्यानं अडकवलेली तळहाताएवढी चपटी पाटी. माझा मुलगा अद्वैत तिला इलेक्ट्रॉनिक टॅग म्हणतो. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, मला ती पाटीच वाटते, पुसून पुन्हा लिहायची. त्या पाटीवर ठसठशीत काळ्या इंग्रजी अक्षरांत बिराजदार नीलांबिका. खाली मुंबई, विमानाचा नंबर, उभ्या रेघांचा पट्टा. प्रवास कधीच संपला होता. बॅग रिकामी होती. बाई मैंदर्गीत आपल्या ओट्याशी भाकऱ्या थापत असतील. आणि नाव मात्र माझ्या हॉलमध्ये, माझ्या पंख्याखाली, ऐसपैस बसलेलं. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, मग कप उचलून आत नेले.

खरं तर त्या पाटीवर पहिलं नाव माझं आलं होतं. दिवाळीत अद्वैत एकटाच चार दिवसांसाठी आला तेव्हा ती घेऊन आला. "आई, तुझ्यासाठी आणलाय. जर्मनीत लोक हल्ली हेच लावतात. दर वेळी कागदी पट्टी नको, काही नको. नवीन प्रवास निघाला की नवीन नाव, नवीन गाव." त्यानं फोन पाटीच्या पाठीला टेकवला, पाटी एकदा काळी झाली, एकदा पांढरी झाली, जरा थरथरली, आणि तिच्यावर देगावकर अनसूया असं उमटलं. खाली फ्रँकफर्ट. उजेड नाही, झगमगाट नाही, वर्तमानपत्रातल्या अक्षरांसारखी शांत अक्षरं. मी अक्षरांवरून नुसतं बोट फिरवलं. बोलले असते तर रडले असते. तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला. फ्रँकफर्ट माइन नदीवर आहे, ऱ्हाइनवर नाही, हे दरवर्षी दोनदा सांगायचे, कारण दरवर्षी निम्म्या मुली चुकायच्या. नकाशावर ते गाव दाखवताना माझी छडी इतक्यांदा तिथं टेकली होती की कागदाला भोक पडलं होतं. आणि समुद्र मी पाहिला तो रत्नागिरीला, सहलीत, तोही भरती ओसरल्यावर. आता त्याच गावात माझी नात होती, उर्वी, चार महिन्यांची, आणि मी तिला अजून हातही लावला नव्हता. तिला कडेवर घ्यायचं, तिनं आपणहून माझ्याकडे झेपावायचं, एवढंच मला हवं होतं. याहून मोठी अपेक्षा मी त्या वेळी केली नव्हती आणि पुढंही केली नाही.

बाळंतपणाला नीलांबिकाबाई गेल्या त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. पहिलं बाळंतपण मुलीच्या आईचं, हे मलाही कळतं. अक्षता त्यांची एकुलती एक मुलगी. तिला तिथं परक्या देशात डिंकाचे लाडू कोण करून घालणार? त्या गेल्या, तीन महिने राहिल्या, व्हिसा संपला, आल्या. त्यानंतर अक्षता कामावर रुजू व्हायची होती आणि मी जायची होते. माझी पाळी. तिकीट माझं, पाटी माझी, बॅग माझी. माळ्यावरच्या ट्रंकेतले लोकरीचे कपडे काढायला स्टुलावर चढले आणि मनगटावर आपटले. प्लास्टर घातलेल्या हातानं कुणी मूल सांभाळत नाही. अद्वैत फोनवर नुसता "अगं आई, अगं आई" करत राहिला. मग मागून अक्षताचा आवाज आला, "अव्वाला विचारू का?" आणि अव्वा, म्हणजे नीलांबिकाबाई, तयारच होत्या. त्यांची बॅग लहान होती, चेन अडकत होती. तेव्हा मीच म्हटलं, माझी न्या की. वर आग्रह केला. पाहुण्यांत चारचौघांत मोठेपणा मिरवायची मला जुनी खोड आहे. अक्षताचा भाऊ बॅग न्यायला आला आणि इथंच, या फरशीवर उकिडवा बसून त्यानं फोन पाटीला लावला. काळी, पांढरी, थरथर. माझं नाव गेलं आणि त्यांचं आलं. कडेवरचं मूल कुणी हळूच काढून घ्यावं, तसं ते झालं. फक्त रडायला मूल नव्हतं, मी होते, आणि मी हसत होते. प्लास्टरच्या हातानं मी त्याला चिवड्याची बशी दिली.

आता हात बरा झाला होता, मे महिना लागला होता, उर्वी दहा महिन्यांची झाली होती आणि माझं नवं तिकीट आलं होतं. अद्वैत म्हणाला, "आई, आत्ता काही करू नकोस. निघायच्या आदल्या दिवशी चेक-इन झालं की तुझा फोन टॅगला लाव, आपोआप बदलेल." एवढं सोपं होतं. शहाण्या बाईनं बॅग कोपऱ्यात सारून आपली कामं केली असती. मी बॅग कोपऱ्यात सारली. तर सकाळी केर काढताना नाव. पेपर वाचताना पानाच्या कडेवरून नाव. मी तिच्यावर सोलापुरी चादर टाकली. तर आत कुणी डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलंय असं दिसायला लागलं, आणि कोण ते मला ठाऊक होतं. मग वाटलं, मोबाइल पडून राहिला की उतरतो, बंद पडतो; हिची बॅटरी कधी ना कधी उतरेलच. रोज चादरीचं टोक उचलून बघायचे. नाव जसंच्या तसं. माझ्या मोबाइलला दिवसातून दोनदा वीज पाजावी लागते आणि ही बया काही न खाता-पिता ठणठणीत. पाटीच्या पट्ट्यावर, एका टोकाला, दोन बारीक खळगे पडलेले दिसले. पक्कड लावली असेल. दुसऱ्याची वस्तू वापरायची म्हणजे कशी वापरावी, याचंही काही वळण असतं.

मुलं नीलांबिकाबाईंकडे जातात, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. वाटतं. फार वाटतं. अद्वैत-अक्षताच्या लग्नात मी पाहिलंय. मांडवातलं रडणारं कुठलंही पोर त्यांच्या हातात गेलं की गप्प. त्या काही विशेष करत नाहीत. मोठं, पसरलेलं अंग, नाकात चमकी, पदराला ज्वारीच्या पिठाचा वास. अर्धं मराठी, अर्धं कानडी, मधूनच मोठ्यानं हसणं. नकाशावर जर्मनी दाखवा म्हटलं तर त्या भिंतीकडे बघतील. आणि त्या दोनदा जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी मला फोन केला होता, "विहीणबाई, तितं लई थंडी हाय बगा, आनि समदे गप गप. पण पोरगी काय ग्वाड हाय म्हन्ता!" पोरगी गोड आहे हे मला त्यांनी सांगायचं! मी म्हटलं, हो का, छान. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी स्वयंपाकघरात विनाकारण डबे पुसत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

रविवारी व्हिडिओ कॉल असतो. अक्षता फोन समोर धरते आणि मी चौकटीत येते, कपाळ मोठं, हनुवटी कापलेली. "उर्वी, बघ कोण! आजी! सोलापूरची आजी!" उर्वी माझ्याकडे बघते, म्हणजे फोनकडे बघते, मग पंख्याकडे, मग स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे. मी टाळ्या वाजवते, जीभ काढते, चिमणीचा आवाज काढते. वर्गात साठ मुली माझ्या एका नजरेनं गप्प बसायच्या, आणि आता हे. परवा तर मी चिमणी-चिमणी करत असतानाच अक्षतानं मैंदर्गीचा फोन मध्ये जोडला. शेजारच्या चौकटीत नीलांबिकाबाई आल्या, नुसतं "जो जो" म्हणाल्या, आणि उर्वी अशी वळली की अक्षताच्या हातून फोन पडता पडता राहिला. दोन्ही हात पुढे. लाळ गळतेय, हसतेय. मी त्याच पडद्यावर होते. मला सगळं दिसत होतं. "बगा, वळखती की मला!" नीलांबिकाबाई म्हणाल्या, आणि वाईट म्हणजे त्यांनी ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं. दुखवायला म्हटलं असतं तर मला काही उत्तर देता आलं असतं.

त्या दुपारी मी नुसती पडून होते आणि मला केराबाई आठवल्या. अद्वैत तान्हा असताना मी शाळेत जायचे, तेव्हा त्याला सांभाळायला त्या यायच्या. मी दुपारी घरी आले की पायही न धुता त्याला घ्यायला धावायचे, आणि तो केराबाईंच्या खांद्यात तोंड खुपसायचा. "आई हाय की रं ही तुजी, जा की," त्या म्हणायच्या आणि ओशाळून हसायच्या. त्यांना वाटायचं आपलंच काही चुकलं. सुट्टीच्या दिवशी त्या यायच्या नाहीत, तेव्हा तो झोपायचा नाही. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या पातळाचा एक तुकडा आणून दिला. "उशापाशी ठिवा. झोपतंय का न्हाय बगा." आणि तो झोपला, तो तुकडा नाकाशी धरून. मला त्या तुकड्याकडे बघवेना. कळकट होता, हे खरंच होतं. मी तो साबण लावून, गरम पाण्यात घालून स्वच्छ धुतला, उन्हात वाळवला आणि पुन्हा त्याच्या उशाशी ठेवला. अद्वैतनं तो नाकाशी नेला, दूर धरला, माझ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत रडला. कमलाकर, माझे यजमान, तेव्हा होते, ते म्हणाले, "अगं, त्याच्यात काय होतं ते तू धुऊन टाकलंस." मला त्या वेळी त्यांचाच राग आला. मूल माझं, घर माझं, साबण माझा. दुसऱ्या दिवशी केराबाईंनी न विचारता नवा तुकडा आणला, आणि मी तो ठेवून घेतला. पुढं अद्वैत मोठा झाला आणि केराबाईंना पार विसरला. मला मात्र तो तुकडा रंगासकट आठवतो, हिरवा, काठाला तपकिरी रेघ.

उठले ती ठरवूनच. कात्रीनं पट्टा कापायचा नव्हता. तो अद्वैतनं आणलेला, मला आणलेला. मला फक्त नाव घालवायचं होतं. मोबाइल उन्हात राहिला तर तापतो, आतली शक्ती जाते, पडदा काळा होतो, हे मी ऐकलं होतं. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन. गच्चीवर दुपारी अनवाणी पाऊल टाकवत नाही. उडदाचे पापड वाळत घातलेच होते. त्यांच्या बाजूला, त्याच जुन्या चादरीवर, मी पाटी तोंड वर करून ठेवली. शेजारच्या गच्चीवर गुलबानो कपडे काढत होती. तीही माझीच विद्यार्थिनी, अजून मला बाई म्हणते. कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाई, हे काय? पापडाला लेबल लावलंय काय?" मी म्हटलं, "ओल धरलीय जरा त्याला." "कुनाचं नाव हाय?" "एका बाईचं." गुलबानोनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. शाळेतही ती हुशारच होती. संध्याकाळी पाटी हातात घेतली तर तापलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली. नाव किंचित विटलं होतं, काळ्याचं करडं झालं होतं. मला आनंद झाला. लपवून कशाला ठेवू, भरपूर झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली. तिसऱ्या दिवशी पापड उचलून डब्यात भरले, पाटी तशीच राहू दिली.

निघायच्या आदल्या दिवशी अद्वैत फोनवर होता आणि तो सांगेल तसं मी करत होते. चेक-इन झालं. "आता फोन टॅगच्या मागे लाव. हलवू नकोस. थरथरला का?" नाही. "पुन्हा लाव. जरा वर. जरा खाली." मी वर केलं, खाली केलं, टॅगवर फोन ठेवून वर हाताचं वजन दिलं. पाटी काळी झाली नाही, पांढरी झाली नाही. बिराजदार नीलांबिका, मुंबई. करड्या अक्षरांत, पण कुणालाही वाचता येईल असं. "कुठं पडला-बिडला होता का?" अद्वैतनं विचारलं. मी म्हटलं, कपाटातच होता. "आतला सेल गेला असणार. जाऊ दे, आई. काउंटरवर कागदी पट्टी लावतील. फक्त हा बॅगेवरून काढून ठेव, नाहीतर मशीन जुन्या रेघा वाचून बॅग भलतीकडे धाडेल." मी म्हटलं, "पण सेल गेला तर नाव कसं राहिलं?" तो हसला. "अगं, तीच तर गंमत आहे. नाव राहायला वीज लागतच नाही. वीज लागते ती फक्त बदलायला." मी फोन ठेवला आणि हॉलमध्ये बसून राहिले. म्हणजे इतके दिवस मी चादर उचलून जे संपायची वाट बघत होते ते संपणारं नव्हतंच; आणि जिच्या जोरावर माझं नाव आलं असतं, ती जी काय शक्ती होती, ती मी माझ्या हातानं गच्चीवर वाळवून टाकली होती. हसावं की रडावं कळेना. मी उठून बॅगेचा पट्टा सोडवला आणि पाटी टेबलावर पालथी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गुरुशांतरावांची गाडी दाराशी थांबली, आणि या खेपेला नीलांबिकाबाई बरोबर होत्या. शेंगाचटणीचा डबा, फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी, लेकीसाठी. "हात बरा हाय न्हवं विहीणबाई? लई वाळलाय की तुमी." त्या बसल्या की खुर्ची भरून जाते. पाणी देताना माझं लक्ष नव्हतं, आणि त्यांनी सहज म्हणून टेबलावरची पाटी उलटवली. "अय्यो! माजं नाव अजून हितंच हाय की!" आणि मोठ्यानं हसल्या. गुरुशांतरावही हसले. मी म्हटलं, "बिघडलंय ते. टाकूनच देणार आहे." त्यांचं हसणं थांबलं. "टाकू नका हो. संगं न्या की." "उपयोग काय? बॅगेला लावायचं नाही म्हणून सांगितलंय अद्वैतनं." "बॅगंला नका लावू. पर्समदी ऱ्हाऊ द्या." त्यांनी पाटी पदरानं पुसली, पट्टा दोन बोटांत धरून चाचपला, त्या खळग्यांपाशी बोट थांबवलं. "तितं गेल्यावर पोरीला दाखवा." "काय दाखवू?" "हेच की. तिला लई..." आणि त्या थांबल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी मान वळवून ते टिपलं आणि एकदम उठल्याच. "चला हो. त्यांचं अजून भरायचं असंल. आता तुमची पाळी, विहीणबाई."

म्हणजे बघा. दहा महिन्यांच्या पोरीला, जिला अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिला मी नेऊन यांचं नाव दाखवायचं. मी तिथं असताना, माझ्या पाळीत. विसरू नये म्हणून. आणि वर डोळ्यांत पाणी. गाडी वळेपर्यंत दारात उभी राहून मी हात हलवला आणि मनात म्हटलं, दाखवते की, चांगलं दाखवते. आत येऊन मी केराच्या डब्याचं झाकण उघडलं. पाटी हातात होती. का कोण जाणे, टाकली नाही. कदाचित पट्टा अद्वैतनं निवडलेला म्हणून. कदाचित नीलांबिकाबाईंचं बोट ज्या पद्धतीनं त्या खळग्यांवर थांबलं होतं, ते मला काही आवडलं नव्हतं. नावडत्या गोष्टीचा मी नेहमी छडा लावते. मी ती पर्समध्ये कोंबली, हातरुमाल, चष्म्याचं घर आणि गोळ्यांच्या खाली, अगदी तळाला. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझ्या जांभळ्या बॅगेला लांबलचक कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर माझं नाव होतं, आणि फ्रँकफर्टला बॅग गाडीत ठेवताना अद्वैतनं ती फाडून कचऱ्यात टाकली. विमान उतरताना खाली नदी दिसली होती. माइनच होती. सांगायला शेजारी ओळखीचं कुणी नव्हतं.

उर्वी अक्षताच्या कडेवर दारातच होती. फोनमध्ये दिसते त्याहून लहान, त्याहून गुलाबी. मी हात पुढे केले, फार घाई करायची नाही असं विमानात घोकत आले होते तरी केले, आणि तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि आईच्या मानेत तोंड घातलं. मी आणलेली कापडी बाहुली तिनं फेकली. माझ्या हातचा भात थुंकली. "होईल सवय, आई, मनाला लावून घेऊ नका," अक्षता म्हणाली. सुनेनं अशी समजूत घालावी आणि आपण मान डोलवावी, याच्यासाठी मी समुद्र ओलांडला होता. दुसऱ्या दिवशी अद्वैत ऑफिसला गेला, अक्षता आतल्या खोलीत लॅपटॉपवर मीटिंगला बसली, आणि हॉलमध्ये आम्ही दोघीच. उर्वी बंद दाराकडे बघून रडायला लागली. मी चिमणी केली, मांजर केलं, मला येत नाही ते "जो जो" सुद्धा करून पाहिलं. ते ऐकून तर ती जास्तच रडली. आता माझेच डोळे भरायला लागले. रुमाल काढायला पर्स उपसली तर तळातून ती पाटी निसटली आणि लाकडी जमिनीवर टप्पकन पडली.

रडणं थांबलं. उर्वीनं आधी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, हिच्याजवळ हे कसं, अशी. मग रांगत आली, इतक्या वेगानं की तिचे गुडघे लाकडावर वाजले. तिनं पाटी उचलली, पट्ट्याचं टोक शोधलं, थेट ते टोक, आणि तोंडात घातलं. खालचे दोन दात त्या दोन खळग्यांत नेमके बसले. मी बघत राहिले. पक्कड नव्हती ती. मला हिरवा तुकडा आठवला, आणि टेबलापाशी अर्धंच राहिलेलं ते वाक्य आठवलं, आणि त्यातला न बोललेला भाग मला मराठीत आणि कानडीतही कळला. आपल्या हातातलं मूल दुसरीच्या हातात कसं द्यायचं, ते त्या बाईनं मला देऊन ठेवलं होतं, आणि मी ते तीन दुपारी गच्चीवर भाजलं होतं. उर्वीला त्याचं काही नव्हतं. ती पट्टा चघळत माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली, डगमगली, आणि कुठंतरी टेकायला हवं म्हणून माझ्या मांडीवर बसली. पाठ माझ्या पोटाला लागली. डोकं घामेजलेलं, जरा आंबूस वास. केवढं वजन असतं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. पाटीवरचं नाव माझ्या बाजूनं उलटं होतं, तरी वाचता येत होतं.

दार उघडलं आणि अक्षता बाहेर आली. "अगं बाई, हे मिळालं का तिला! अव्वाच्या बॅगेबरोबर गेलं ना, तर किती दिवस शोधत होती. अव्वा हे हातात दिल्याशिवाय हिला झोपवायचीच नाही." तिनं खिशातून फोन काढला होता, चेहरा नुसता उजळला होता. "थांबा, अव्वाला व्हिडिओ लावते. बघू दे तिला, किती खूश होईल!"

"नको," मी म्हटलं. फार पटकन म्हटलं. अक्षतानं माझ्याकडे पाहिलं. मी उर्वीच्या पोटाभोवती हात घातला, मोडून जुळलेला हात. "लाव गं, लाव. पण आत्ता नको. आत्ताच आलीय ती माझ्याकडे."

अक्षतानं फोन खाली ठेवला. उर्वीनं पट्टा तोंडातून काढला, फिरवून पाहिला आणि दुसऱ्या टोकाकडून चावायला घेतला.